सत्तरीनंतरचा आरोग्य विमा : काय मिळतं, काय नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



सरकारी विमा म्हटला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "सरकारी आहे ना, मग त्यात काही दम नसणार." दुसरे म्हणतात, "सरकारनं पाच लाख दिलेत, आता चिंता मिटली." ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये आरोग्य विम्यावर बोलायला मी जाते, तेव्हा ही दोन्ही वाक्यं मला एकाच सभागृहात ऐकू येतात. गंमत अशी, की दोघांच्याही पाकिटात तेच कार्ड असतं. आणि त्या कार्डाबरोबर काय येतं, काय येत नाही, हे दोघांपैकी कोणीच कधी विचारलेलं नसतं.

मी बोलते आहे ते 'आयुष्मान वय वंदना कार्डा'बद्दल. वयाची सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या कोणाही भारतीय नागरिकाला, मग तो श्रीमंत असो की गरीब, हे कार्ड मिळतं. त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. योजना चांगली आहे, तिचा उपयोग करून घ्यायला हवा. पण उपयोग व्हायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. हा विमा डॉक्टरांकडे जाऊन औषध आणण्याचा नाही, तो रुग्णालयात दाखल होण्याचा आहे. आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर जे होतं, तेच आजारी पडल्यावर हा विमा समजून घ्यायला गेलं तर होतं.

इथवर कसे आलो?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. त्यातल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतं आणि विमाही नव्हता. आजारपण आलं की घरातला पैसा, तो संपला की मुलांचा पैसा, तोही संपला की दागिने नाहीतर शेत, असा आपल्याकडचा क्रम आहे.

सरकारी प्रयत्न झाले नाहीत असं नाही. महाराष्ट्रात १९९७ साली गरीब कुटुंबांसाठी 'जीवनदायी योजना' सुरू झाली. २००८ मध्ये केंद्राची 'राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना' आली. तिच्यात पाच जणांच्या कुटुंबाला मिळून वर्षाला ३० हजार रुपयांचं संरक्षण होतं. घरात पाचपेक्षा जास्त माणसं असली की कोणाचं नाव गाळायचं हा प्रश्न यायचा, आणि अशा वेळी म्हातारं माणूस स्वतःच "माझं राहू द्या" म्हणायचं. २०१६ पासून त्या योजनेतल्या साठीपुढच्या माणसांना आणखी ३० हजारांची जोड मिळाली.

मग २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून 'आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना' सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये, आणि कुटुंबात किती माणसं यावर मर्यादा नाही. पण यादी ठरली होती ती मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेवरून. म्हणजे गरीब कुटुंबांपुरती. निवृत्त शाळामास्तर, छोटा दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेली बाई हे सगळे त्या यादीबाहेर राहिले. त्यांना खासगी मेडिक्लेम परवडत नव्हता, आणि अनेकदा मिळतही नव्हता. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मागायला गेलं की कंपन्या दार लावून घेत. दिलीच तर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना काही वर्षं थांबायची अट.

११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की सत्तर वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, या योजनेत घ्यायचं. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांमधल्या सहा कोटी ज्येष्ठांना लाभ होईल असा सरकारचा अंदाज होता. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, वय वंदना कार्डाचा प्रारंभ झाला.

पाच लाख म्हणजे काय?

पहिला गैरसमज पैशांचा. ५ लाख रुपये आपल्या बँक खात्यात येत नाहीत. आपल्या हातात एक रुपयाही येत नाही. ती वर्षभरातल्या उपचारांची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा, प्रत्येक उपचाराचा दर सरकारनं ठरवलेला असतो, त्याला 'पॅकेज' म्हणतात. समजा, एखाद्या शस्त्रक्रियेचं पॅकेज ८० हजारांचं आहे. तर तेवढे पैसे योजनेकडून थेट रुग्णालयाला मिळतात आणि आपल्या ५ लाखांतून ८० हजार वजा होतात. उरलेले ४ लाख २० हजार त्या वर्षासाठी शिल्लक राहतात. वर्ष संपलं की शिल्लक पुढच्या वर्षात जमा होत नाही. मर्यादा पुन्हा पाच लाखांपासून सुरू होते.

पॅकेजमध्ये बरंच काही येतं. खाटेचं भाडं, डॉक्टरांची फी, भूल देण्याचा खर्च, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, औषधं, तपासण्या, शरीरात बसवायचे स्टेंट किंवा रॉड, रुग्णाचं जेवण. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासणीचा खर्चही त्यात धरलेला आहे. ही १५ दिवसांची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डिस्चार्जच्या वेळी औषधांची चिठ्ठी हातात ठेवून "बाहेरून आणा" असं कोणी म्हणालं, तर तिथेच विचारायला हवं, की ही औषधं पॅकेजमध्ये नाहीत का?

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जुन्या आजारांची. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी जी वाट पाहावी लागते, ती इथे नाही. वीस वर्षांचा मधुमेह असू द्या, आधी अँजिओप्लास्टी झालेली असू द्या, कार्ड सुरू झालं की पहिल्या दिवसापासून संरक्षण सुरू. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीनं या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असं मला विचारलं तर मी हीच सांगेन. सत्तरीत कोरी पाटी घेऊन कोण येतं?

गोळ्या-औषधांचं काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. नुसतं डॉक्टरांना दाखवून यायचं, रक्त तपासून घ्यायचं, महिन्याच्या गोळ्या आणायच्या, हे या विम्यात बसत नाही. ज्याला आपण ओपीडी म्हणतो, तो बाह्यरुग्ण विभागाचा खर्च योजनेबाहेर आहे. "काय होतंय ते बघायला चार दिवस ॲडमिट करून सगळ्या तपासण्या करून घेऊ," हेही चालत नाही. चष्मा, कवळी आणि घरी ठेवलेली आया किंवा नर्स यांचा खर्चही यात धरू नये. स्वतंत्र एसी खोली हाही योजनेचा भाग नाही. पॅकेजचा हिशेब सर्वसाधारण वॉर्डाचा आहे.

आणि खरं सांगायचं, तर म्हातारपणातला रोजचा खर्च याच गोष्टींवर होतो. गुडघ्याचं दुखणं, रक्तदाबाची गोळी, रात्रीची झोपेची तक्रार यांसाठी कोणी दाखल होत नाही. ज्यांना हे माहीत नसतं ते औषधाच्या दुकानात कार्ड दाखवतात, दुकानदार हसतो, आणि मग "हे कार्ड बिनकामाचं आहे" असा बोभाटा होतो. कार्ड बिनकामाचं नसतं, आपण ते चुकीच्या दारात नेलेलं असतं.

मग रोजच्या दुखण्याला दार कोणतं? 'आयुष्मान भारत' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही. एक म्हणजे हा दाखल होण्याचा विमा. दुसरी म्हणजे गावोगावची आरोग्य केंद्रं, ज्यांना आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. तिथे रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी आणि नेहमीची औषधं मिळणं अपेक्षित आहे, आणि त्यासाठी वय वंदना कार्ड लागत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. आणि जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचं औषध ब्रँडेड औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतं. डॉक्टरांना एवढंच सांगायचं, की औषधाचं मूळ नाव लिहून द्या.

थोडक्यात, गोळीसाठी आरोग्य केंद्र आणि खाटेसाठी कार्ड. एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ असावं.

घराघरातली गणितं

पाच लाख कोणाचे, माणसाचे की कुटुंबाचे, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याची तीन उदाहरणं देते.

पहिलं घर. आजोबा ७४ वर्षांचे, आजी ७१ वर्षांच्या. हे कुटुंब आधी कुठल्याच यादीत नव्हतं. दोघांची कार्डं वेगवेगळी निघतील, पण ५ लाख मात्र दोघांत मिळून. आजोबांच्या हृदयावरच्या उपचाराला ३ लाख लागले तर त्या वर्षी आजींसाठी २ लाख उरतील. दोन कार्डं म्हणजे दहा लाख, असा हिशेब करू नये.

दुसरं घर. हे कुटुंब २०१८ पासूनच जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे. मुलगा, सून, नातवंडं यांचे ५ लाख आहेतच. आता घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी आणखी ५ लाखांची वेगळी जोड मिळते, आणि ती तरुणांबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. या तरतुदीमागे शहाणपण आहे. एकच थैली सगळ्या घरात असली की म्हातारी माणसं मागे सरकतात. नातवाला उद्या काही झालं तर, म्हणून स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकलतात. वेगळ्या थैलीमुळे निदान या विचाराला कारण उरत नाही.

तिसरं घर. आजोबा ७३ वर्षांचे आणि आजी ६६ वर्षांच्या. आजोबांचं कार्ड निघालं म्हणून आजी त्यात आपोआप येत नाहीत. नवरा-बायकोत पाच-सात वर्षांचं अंतर असणारी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. आजींना सत्तर पूर्ण होईपर्यंत दुसरा आधार शोधावा लागेल. महाराष्ट्रात तो आहे, त्याच्याकडे मी पुढे येतेच.

कार्ड काढताना

कार्डासाठी लागतं ते आधार कार्ड. वय धरतात तेही आधारवरचंच. इथे आपल्या पिढीची एक खास अडचण आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावली! कोणाचं वय आधारवर दोन वर्षांनी कमी पडलंय, कोणाचं जास्त. घरात सगळ्यांना माहीत असतं, की आजी पंचाहत्तरीच्या आहेत, पण आधारवर त्या ६८ च्या असतात. अशा वेळी पुराव्याचा कागद घेऊन आधार केंद्रात दुरुस्ती आधी करून घ्यावी लागते. ते काम दाखल होण्याच्या दिवशी होत नाही.

ओळख पटवण्याला 'ई-केवायसी' म्हणतात. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं, बोटाच्या ठशानं, डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ती होते. आयुष्यभर शेतात, धुण्या-भांड्यात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा अनुभव अनेकांना येतो. म्हणून ठसा उमटला नाही म्हणून परत येऊ नका. चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. ही सोय 'आयुष्मान' ॲपमध्ये आहे आणि नातू-नात घरबसल्या ती करून देऊ शकतात. नाहीतर जवळचं सेवा केंद्र किंवा योजनेतलं रुग्णालय गाठावं.

ओटीपीच्या बाबतीत मात्र जपा. आपण स्वतः केंद्रात बसलो आहोत, समोर माणूस काम करतो आहे, तेव्हा ओटीपी सांगावाच लागतो. पण "तुमचं आयुष्मान कार्ड बंद पडतंय, ओटीपी सांगा," असा फोन घरी आला तर तो ठेवून द्यावा. शंका असेल तर १४५५५ हा योजनेचा मदत क्रमांक आहे, तिथे आपण होऊन विचारावं.

रुग्णालयात गेल्यावर

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कार्ड प्रत्येक रुग्णालयात चालत नाही. जी रुग्णालयं योजनेत सामील आहेत, ज्यांना सरकारी भाषेत 'अंगीकृत रुग्णालयं' म्हणतात, तिथेच ते चालतं. आणि सामील असलेल्या रुग्णालयातही प्रत्येक उपचार मिळेलच असं नाही. एखादं रुग्णालय हृदयासाठी यादीत असतं, हाडांसाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. त्यामुळे "तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?" हा अर्धाच प्रश्न झाला. "या अमुक उपचारासाठी चालतं का?" हा पूर्ण प्रश्न.

हे मी इतकं का सांगते? समजा, रात्री न्हाणीघरात पाय घसरून आजींचं खुब्याचं हाड मोडलं. या मोडीवर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते आणि ती शक्य तितकी लवकर झालेली बरी. माणूस जितके दिवस पडून राहील तितका अंगाला जखमा होण्याचा, छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याचा, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मुलगा पहिले दोन दिवस कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे शोधत फिरला, तर ते दोन दिवस आजींच्या वाट्याचे गेले. किंवा घाबरून जवळच्या, यादीत नसलेल्या रुग्णालयात नेलं, तीन लाखांचं बिल भरलं, आणि मग ते बिल घेऊन योजनेकडे गेला, तर तिथे काही हाती लागत नाही. आधी पैसे भरा आणि मागाहून परत घ्या, अशी पद्धत या योजनेत नाही. यादीतल्या रुग्णालयात रोख न भरता उपचार, एवढाच तिचा मार्ग.

म्हणून माझं सांगणं असं. आज, सगळे धडधाकट असताना, घरापासून जवळची तीन रुग्णालयं शोधून ठेवा. एक हृदयासाठी, एक हाडांसाठी, एक सर्वसाधारण आजारांसाठी. त्यांची नावं आणि फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी लावा. यादी अधूनमधून बदलते, म्हणून दिवाळी-पाडव्याला ती पुन्हा एकदा तपासा.

रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा 'आरोग्यमित्र' शोधायचा. योजनेच्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. तो कार्ड पाहतो, ओळख पटवतो, कागद पुढे पाठवतो. मग डॉक्टरांच्या तपासणीनुसार योजनेकडून पूर्वमंजुरी येते आणि उपचार सुरू होतात. दाखल होतानाच "आम्ही योजनेतून उपचार घेणार आहोत" असं स्पष्ट सांगावं. दोन दिवस पैसे भरून उपचार घेतले आणि तिसऱ्या दिवशी कार्ड बाहेर काढलं, की घोळ होतो.

पैसे मागितले तर काय करायचं? योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. तरी "हे इंजेक्शन योजनेत नाही," "एवढं डिपॉझिट भरा," असं ऐकायला मिळतं. घरातलं माणूस आत असताना भांडायची ताकद कोणाला असते? पण भांडायचं नसतंच. शांतपणे आरोग्यमित्राला विचारायचं, पैसे द्यावेच लागले तर पावती घ्यायची, आणि मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायची. तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर समितीही असते. पावतीशिवायची तक्रार मात्र कोणी ऐकत नाही.

मुलीकडे इंदूरला किंवा मुलाकडे बंगळुरूला गेलेल्या आई-वडिलांसाठी एक चांगली गोष्ट. योजना जिथे लागू आहे अशा दुसऱ्या राज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही हे कार्ड चालतं. प्रवासाला निघताना औषधांच्या डबीबरोबर ते पिशवीत टाकायला विसरू नका.

दुसरा विमा असेल तर

ज्यांच्याकडे खासगी मेडिक्लेम आहे किंवा जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांनाही हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारची आरोग्य योजना म्हणजे सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस, किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना, यांच्या लाभार्थींना मात्र दोन्हींपैकी एकाची निवड करावी लागते. त्यांनी घाई करू नये. सीजीएचएस आणि ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधंही मिळतात, जी वय वंदना कार्डात नाहीत. शेजाऱ्यानं कार्ड काढलं म्हणून आपणही काढलं, असं इथे करून चालणार नाही.

खासगी पॉलिसी चालू असेल आणि हप्ता झेपत असेल, तर कार्ड मिळालं म्हणून ती लगेच सोडू नये. आपले नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतात ते योजनेत आहे का, हे आधी पाहावं. एकदा सोडलेली पॉलिसी सत्तरीनंतर पुन्हा मिळवणं अवघड असतं. विमा नियामक प्राधिकरणानं २०२४ मध्ये नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची वयाची अट काढली, जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, असं कंपन्यांना बजावलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. दार थोडं किलकिलं झालंय, पण आतला हप्ता अजूनही जड आहे. तो ज्यांना झेपत नाही, त्यांना हे सरकारी कार्ड मोठाच आधार आहे.

साठ ते सत्तर

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं साठ वर्षांच्या माणसाला ज्येष्ठ म्हटलं आहे. वय वंदना कार्ड सत्तरीला मिळतं. मधली दहा वर्षं काय करायचं? नोकरी संपलेली असते, कंपनीचा विमा संपलेला असतो, आणि आजार तर याच वयात डोकं वर काढतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी उत्तर आहे 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना'. २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आधी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती होती, संरक्षण दीड लाखाचं होतं. जुलै २०२३ मध्ये ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला आणि जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. तिसऱ्या घरातल्या आजींचा आधार तो हाच. या योजनेचा मदत क्रमांक १५५३८८. गोव्यात २०१६ पासून 'दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना' आहे. तिथल्या श्रोत्यांनी तिचं कार्ड चालू आहे ना, हे पाहून घ्यावं.

श्रोतेहो, या योजनेत उणिवा आहेत. दाखल न होता अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेला तिच्यात जागा नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना चोवीस तास सांभाळणाऱ्या सुनेला तिचा उपयोग नाही. लहान तालुक्याच्या गावी यादीतलं रुग्णालय चाळीस-पन्नास किलोमीटरवर असू शकतं. या गोष्टी सरकारदरबारी मागत राहायला हव्यात. ज्येष्ठ नागरिक संघांनी त्या लेखी मागाव्यात.

पण जे आहे ते पदरात पाडून घेण्यात कमीपणा नाही. "मुलांवर भार नको" म्हणून छातीतली कळ लपवणारी, "आता किती दिवस राहिलेत" म्हणून मोतीबिंदू तसाच ठेवणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. ती पैशांबद्दल बोलत नाहीत, पण गप्प बसतात ती पैशांमुळेच. त्यांना कोणी समोर बसवून सांगायला हवं, की आजी, या ऑपरेशनसाठी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही, कोणाचं दागदागिन्यांचं कपाट उघडावं लागणार नाही. हा तुमचा हक्क आहे, कोणी केलेली मेहेरबानी नव्हे.

म्हणून या आठवड्यात चार कामं करा. आधारवरचं वय तपासा. कार्ड काढलं नसेल तर काढा. जवळच्या तीन रुग्णालयांची नावं लिहून लावा. आणि हे सगळं घरातल्या एका तरुण माणसाला नीट समजावून सांगा. आजारी माणूस स्वतः आरोग्यमित्र शोधायला जात नसतो, जातो तो घरातला दुसरा कोणी. त्याला माहीत असलं, तरच कार्डाचा उपयोग.